आधी बघून घ्या

कार्यक्रम कुठलाही असो, विशाखा मंचावर आली की लगेच गात नाही. माइकसमोर उभी राहते, डोक्यावरची ओढणी काढते, तिची घडी करून पेटीवर ठेवते आणि लोकांकडे बघून म्हणते, "बघून घ्या निवांत. मला घाई न्हाई." मांडवात चुळबुळ होते. कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागतं, पुढच्या बाया एकमेकींना कोपर मारतात. तिच्या डोक्यावर एकही केस नाही. भुवया आहेत त्या पेन्सिलीनं काढलेल्या, पापण्या बिनकेसांच्या. अर्ध्या मिनिटानं ती विचारते, "झालं का बघून? मंग आता ऐका." आणि पेटीवाल्याला मानेनं खूण करते. पहिलं कडवं संपल्यावरही तिच्या डोक्याकडे कुणी बघत असेल, तर तो नक्की बहिरा असणार.

त्या भुवया माझ्या हातच्या. भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गेली वीस वर्षं माझं पार्लर आहे. बायकांच्या केसांवर माझं घर चालतं आणि माझं सर्वांत लाडकं गिऱ्हाईक बिनकेसांचं, यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. होऊ दे. पण विशाखाबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागणार, आणि ते काही फार भूषणावह नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बारावीत होती. गाव धावडा. वडील तिथंच प्राथमिक शाळेत शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. घरात आजोबांपासूनची गायन पार्टी. भीमजयंती आली की महिनाभर या मांडवातून त्या मांडवात. विशाखा सातव्या वर्षापासून मंचावर उभी. तेव्हा तिचे केस कमरेच्या खाली, आणि वेणी घातली की माझ्या मनगटाएवढी जाड. तिच्या पाठमोऱ्या वेणीचा फोटो मोठा करून मी पार्लरच्या काचेवर लावला होता. बाया विचारायच्या, ही कोणतं तेल लावते? मी माझ्याकडची बाटली पुढं करायची. विशाखानं ते तेल कधी बोटालाही लावलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

केस वाळवताना ड्रायरच्या घरघरीत ती सूर लावून बसायची. "ताई, तुमचा ड्रायर बराबर काळी दोनच्या सुरात वाजून राह्यला," म्हणायची. "तंबोऱ्याचा खर्चा वाचला माझा." कॉलेजात ती नाटकातही कामं करू लागली. एक काहीतरी निवड, असं मी तिला सांगत असे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "गाताना मी माझ्याच घरात असते. नाटकात दुसरीच्या घरात शिरायला मिळतं. मला दोन्ही पाहिजे." तिचं सगळं असं पक्कं असायचं, भाजीत मीठ किती पाहिजे इथपासून.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. धावड्याला तिचा कार्यक्रम होता आणि मी तिची वेणी घालायला बसले होते. मानेच्या वर चार बोटं, रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. चाई पडली होती. अशी चाई मी पुष्कळ डोक्यांत पाहिली होती आणि बऱ्याचदा ती आपोआप भरूनही येते. कार्यक्रमाला दोन तास उरले होते. आत्ता सांगितलं तर पोरगी गाणार कशी, असं मी मनाला समजावलं, वरचे केस त्या जागेवर ओढले, चार पिना लावल्या आणि गजरा माळला. हे झालं पहिल्या दिवसाचं. पण पुढच्या कार्यक्रमालाही मी तेच केलं, त्याच्या पुढच्यालाही. असे तीन महिने गेले. रुपयाची जागा लिंबाएवढी झाली, शेजारी दुसरी पडली. तिला दुखवायचं नव्हतं हे खरं. काचेवर तिच्या वेणीचा फोटो होता, हेही खरं.

शेवटी कॉलेजच्या हॉस्टेलवर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं पाहिलं. विशाखा धावत पार्लरला आली, माझ्याकडं पाठ करून बसली आणि म्हणाली, "ताई, जल्दी बघा, मागं काय झालं?"

आणि मी म्हणाले, "अगं बाई, हे कधी झालं?"

जालन्याच्या डॉक्टरकडं तिला मीच घेऊन गेले. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, आठ दिवस. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात, बरं केलंत." मी माझ्या चपलांकडं बघत बसले. डोक्यात बारीक बारीक इंजेक्शनं झाली, मलमं झाली, गोळ्या झाल्या. गावानं कांद्याचा रस सांगितला, लसूण सांगितला, कुणी काय अन् कुणी काय. सहा महिन्यांत डोकं पार रिकामं झालं, मागोमाग भुवया गेल्या, पापण्या गेल्या. बाकी तब्येत ठणठणीत. काचेवरचा फोटो मी काढून टाकला. घरी आई रडरड रडली. गुरुजींनी मात्र तिला समोर बसवलं आणि विचारलं, "गळ्याला काय झालं का? न्हाई ना? मंग बस रियाजाला."

रियाज चालूच राहिला, पण घराबाहेर पडणं अवघड झालं. एकदा ती भोकरदनहून धावड्याच्या बसमध्ये चढली, डोक्यावर काही नव्हतं, अंगात साधा पंजाबी ड्रेस. एक म्हातारी उठली, हात जोडले आणि तिला आपली जागा देऊ लागली. आमच्याकडं डोकं तुळतुळीत असलेली तरुण बाई म्हणजे भिक्खुणी, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. विशाखा ओशाळली. "आजी, मी भिक्खुणी न्हाई. माझे केस गेलेत." म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बरं, मंग बस तरी. उभी कशाला राह्यली?" मला हे सांगताना ती हसत होती, पण शेवटी म्हणाली, "अर्धे लोक पाया पडून राह्यले, अर्धे हळहळून राह्यले. मला सरळ बघणारं माणूसच सापडत न्हाई."

मग आईच्या हट्टानं तिनं संभाजीनगरहून विग आणला. ऐन मे महिन्यात वडीगोद्रीला कार्यक्रम होता, मांडवाखाली अंगाची लाही होत होती. विग हलेल या भीतीनं ती मान ताठ ठेवून गात राहिली. तान घेताना नेहमी डावीकडं झुकणारी ही पोरगी त्या दिवशी खांबासारखी उभी होती आणि आवाजही तसाच निघाला. त्यानंतरच्या कार्यक्रमाला ती ओढणी घेऊन आली, मंचावर काढली आणि पहिल्यांदा म्हणाली, बघून घ्या. त्या दिवशी ती जशी गायली तशी मी तिला कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्लरला आली. खुशीत होती. म्हणाली, "दुनिया मला झाकायला सांगून राह्यली. तुम्हीच एकट्या, ज्यांनी मला कधी झाकलं न्हाई."

मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. गजरा, पिना, सगळं.

तिनं एकच विचारलं, "पहिल्यांदा कुठल्या कार्यक्रमाला दिसलं?"

"धावड्याच्या."

ती उठली आणि निघून गेली. अख्खा पावसाळा तिनं माझ्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा करायची माझी हिंमत झाली नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ती दारात उभी. "भुवया काढायच्यात. दुसऱ्या कुणाला जमत न्हाई," एवढंच बोलली. मी काढल्या. उठताना म्हणाली, "डॉक्टरला विचारून आले. तीन महिने आधी गेले असते तर केस वाचले असते का, ते त्याला पण सांगता येत न्हाई. पण ताई, ते तीन महिने माझे होते. मंचावर मला माझं तोंड दिसत न्हाई. ते बघायचं काम तुमचं. तुम्ही बघितलं आन मला आंधळं ठेवलं." दर पंधरा दिवसांनी ती येऊ लागली, काम झालं की जाऊ लागली. पूर्वीच्या गप्पा काही परत आल्या नाहीत.

बाहेर तिचं नाव होत होतं. जाहिरातींना आवाज दिला, छोट्या फिल्म केल्या. पण तिला बघितलं की दिग्दर्शकांना कॅन्सरच आठवायचा. "एकदा मेले. दुसऱ्यांदा पण मेले," ती म्हणाली. "तिसऱ्याला म्हणलं, साहेब, मला आजार न्हाई, फक्त केस न्हाईत. एखादी जगणारी बाई असली तर सांगा." तो काम घेऊन परत आला नाही. मोठी भूमिका हवी तर केस हवेत आणि विग पुन्हा घालायचा नाही, अशा कात्रीत तिची तीन वर्षं गेली.

मग मागच्या हिवाळ्यात ती जगणारी बाई आली. संभाजीनगरच्या एका संस्थेचं गाण्यांचं नाटक, त्यात हायवेवर चहाचं हॉटेल चालवणारी शेवंता. सबंध नाटक तिचं, सहा गाणी तिची. दुसऱ्या अंकात शेवंता उंबऱ्यात बसते, केस मोकळे सोडून विंचरते, गात गात नवऱ्याचं घर सोडायचं की नाही याचा विचार करते आणि गाणं संपताना बुचडा बांधून निघते. दिग्दर्शकानं आवाज ऐकून विशाखाला निवडलं, पण विग घालावा लागेल म्हणाला. ती नाही म्हणाली. चार दिवसांत कळव, नाही तर दुसरी बघतो, असं त्यानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांचा विग पिशवीत घालून माझ्याकडं आली. "ते विंचरायचं गाणं दोन्ही तऱ्हेनं करून दाखवते," म्हणाली. "तुम्ही फक्त बघा."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. आधी तिनं विगशिवाय केलं. रिकाम्या डोक्यावरून फणी फिरवत ती गायली आणि मला रडू आवरेना. मग विग घालून केलं. या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. मी बाकाच्या कडेला सरकले होते आणि मनात म्हणत होते, ही बया आता जाते की राहते?

"सांगा," ती म्हणाली.

काय सांगितलं म्हणजे ती खूश होईल हे मला ठाऊक होतं. तुझं आहे तसंच छान दिसतं, एवढं म्हटलं असतं तर आमच्यातलं सगळं त्याच घटकेला पूर्ववत झालं असतं. भूमिका गेली असती, पण त्याचा दोष माझ्यावर आला नसता.

"विग घाल," मी म्हणाले. "पहिल्यांदा केलंस तेव्हा मला रडू आलं, पण ते तुझ्यासाठी आलं. शेवंता मला दिसलीच न्हाई. दुसऱ्यांदा दिसली."

"म्हणजे तुम्ही पुन्हा मला झाकून राह्यल्या."

"तुला न्हाई झाकत. तुला केस न्हाईत, ते तू गाताना सगळ्या जिल्ह्याला दाखवते. पण शेवंताला हायेत. तिचे तिला दे."

तिनं विग पिशवीत कोंबला आणि शटरखालून वाकून निघून गेली. जाते म्हणून सांगितलंही नाही. मी शटर पुन्हा वर केलं. आता ही काही परत येत नाही, असंच मी धरून चालले होते.

दीड महिन्यानं तिचा फोन आला. "ताई, रविवारी संभाजीनगरला या. पहिला प्रयोग हाय. तुमची मेकअपची पेटी घेऊन या."

मी गेले. रंगभूषेच्या खोलीत ती आरशासमोर बसलेली, डोकं उघडं, विग स्टँडवर. संस्थेचा रंगभूषाकार सामान मांडून तयार होता. दिग्दर्शक मला अदबीनं म्हणाले, "ताई, तुम्ही पुढं प्रेक्षकांत बसा. इथं आमचा माणूस आहे." मी मागं वळणार तेवढ्यात विशाखा खुर्चीतून उठली.

"सर, या मंगलताई," ती म्हणाली. "मला चाई पडल्ती तेव्हा यांनी माझ्यापासून तीन महिने लपवून ठेवलं. मंग कुणी विचारलं नव्हतं तरी स्वतःच सांगितलं. विग घाल म्हणून पण यांनीच सांगितलं, मी तोंड फिरवीन हे माहीत असून. माझं तोंड ह्याच रंगवतील."

रंगभूषाकारानं आपलं सामान बाजूला सरकवलं आणि मला जागा करून दिली. माझी चूक अशी चारचौघांत पहिल्यांदाच उघडी झाली होती. खरं तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण वीस वर्षांत माझ्या हाताला एवढा मान कुणी दिला नव्हता. मी डोळे पुसले, हात धुतले आणि शेवंताचे केस विशाखाच्या डोक्यावर बसवायला घेतले.