नथूआप्पांचं बसणं

मारुंजीचे नथूआप्पा म्हणजे दहा खोल्यांचे मालक. जमीन बिल्डरला गेली, उरल्या तुकड्यावर खोल्या उठल्या आणि हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहायला आली. शेती सुटली तसं हातांना कामच उरलं नाही. मग दुपारी जेवणाआधी थोडी, संध्याकाळी जरा जास्त, असं करत आप्पा पक्के पिणारे झाले. आणि गंमत बघा, खोल्यांच्या जिन्यात मात्र पाटी लावलेली, 'दारू पिण्यास सक्त मनाई'! त्या पाटीपायी त्यांनी ऋषिकेश नावाच्या भाडेकरूला सामानासकट बाहेर काढलं होतं, तेही स्वतः भिंतीला धरून उभं राहून.

गेल्या दिवाळीला लेकीला, जान्हवीला, सासरहून आणायला गेले ते तर्र होऊन. व्याह्यांच्या अंगणातच कोसळले. पोरीला तोंड लपवायला जागा उरली नाही. आता तिला सातवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिनं आईला फोनवर रोखठोक सांगितलं, "आप्पा पीत असतील तर मी तिकडं येणार नाही. इथंच बाळंत होईन."

फोन स्पीकरवर होता. ओसरीवर बसलेल्या आप्पांनी शब्द न् शब्द ऐकला, आणि त्याच घडीला ठरवलं, आता सोडायची.

आता शपथ तरी कुणाची घ्यायची? गावचे देव झाले, बायकोच्या, शुभांगीकाकूंच्या, डोक्यावर हात ठेवून झाला. काकू शपथ म्हटलं की नाक मुरडायच्या. म्हणून आप्पांनी या खेपेला घरात चकार शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात भूगावला चहाच्या टपरीवर ऋषिकेश भेटला. इस्त्रीचा शर्ट, डोळे निवळलेले.

"काय रे, सुटली का?" आप्पांनी खाली बघत विचारलं.

"आज नाही घेतली, काका. अकरा महिने रोज एवढंच म्हणतोय." मागचं काही उकरून न काढता तो म्हणाला, "रविवारी अकराला येता का?"

भूगावच्या एका शाळेत दारू सोडू बघणाऱ्यांचा गट जमायचा. तिथं आडनाव विचारत नव्हते, आणि आप्पा तिथंच गडबडले. 'तू कुणाचा?' या प्रश्नावर ज्याचा जन्म गेला, त्यानं नुसतं नाव कसं सांगावं? त्यातून प्रत्येकानं उभं राहून म्हणायचं, 'मी दारुडा आहे.' पाच रविवार आप्पा उठले, "मी नथू, मारुंजीचा" म्हणाले आणि खाली बसले. लोक म्हणतात ते वेगळं, पण आपल्याच तोंडानं? पाच आठवडे थेंब घेतला नव्हता, तरी ते दोन शब्द काही बाहेर पडेनात. घरी मात्र ठोकून द्यायचे, "प्लॉट बघायला चाललोय."

तोंडाला वास नाही, हे काकूंनी हेरलं होतं. त्यांनी लेकीला हळूच 'ये' म्हणूनही टाकलं होतं.

सहाव्या रविवारी आप्पा आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. काकूंनी उचलला. गटातलं बाहेर बोलायचं नाही हा नियम, म्हणून ऋषिकेश बेतानं बोलला, "काकू, काकांना सांगा, आज अकराला भूगावला बसायचंय. नेहमीच्या जागी नाही, वरच्या मजल्यावर."

बसायचंय! आपल्याकडं चार पुरुष 'बसायचंय' म्हणाले की काय समजायचं ते शेंबडं पोरही सांगेल. ऋषिकेश तो अर्थ पार विसरून गेला होता.

आप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. काकू म्हणाल्या, "तुमाला आज बसायचं हाय म्हनं. अकराला."

"व्हय. कुनी सांगितलं?"

"ऋषिकेशनं. ज्याला बाटल्यांपायी हाकलला त्याच्यासंगंच? आन् तेबी सकाळच्या पारी?" काकूंचा आवाज फाटला. "लाज कशी न्हाई वाटत? जानूला सांगते, तितंच ऱ्हा म्हनावं."

आप्पांच्या डोक्यात आता कुठं प्रकाश पडला. "आगं, तसलं बसनं न्हाई ते! देवाची शप..." म्हणता म्हणता जीभ अडखळली. काकूंनी फोन हातात घेतला होता.

"लावू नगंस. घडीभर थांब," आप्पा म्हणाले. "माझ्यासंगं चल. डोळ्यांनी बघ, मग लाव."

स्कूटरवर काकू फोन मुठीत घट्ट धरून बसल्या. वरच्या मजल्यावर ऋषिकेश दारातच उभा होता. "काकू, आज घरच्यांनाही चालतं. या, बसा." काकूंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मागच्या बाकाच्या कडेला टेकल्या.

आप्पांची पाळी आली. ते उठले. 'मारुंजीचा' म्हणून खाली बसणं सोपं होतं. पण मग बायकोनं काय बघितलं असतं? प्लॉटची थाप मारणाराच ना!

"मी नथू," ते म्हणाले. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. "मी... मी दारुडा हाय. लेकीला आनाया गेलो आन् तिच्या दारात पडलो. पाच आठवडे झालं, घेतली न्हाई. आजबी न्हाई घेतली."

मागचं बाक करकरलं. काकू उठून बाहेर गेल्या. झालं, गेली ही, असं वाटून आप्पा मटकन खाली बसले. उघड्या खिडकीतून व्हरांड्यातला आवाज आत आला.

"जानू? न्हाई गं, प्यालं न्हाईत. बसल्यात... तसं बसनं न्हवं गं बाई! ते समदं मागनं सांगते." मग नाक ओढल्याचा आवाज. "तू पिशवी भर. गाडी करू नगंस. आप्पाच येत्याल न्यायला."