पट्ट्याच्या रंगाची फुलं

कुवाबारा डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा त्यांच्याविषयी चार वाकडे शब्द बोलायचा हक्क मला आहे. जनावरांचे डॉक्टर, वय एकसष्ट, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. पूर्वी ते फरशीवर मांडी घालून कुत्रा तपासायचे आणि मालकाची खरडपट्टी काढायचे. "गोड पाव चारता? मारायचंय का त्याला?" माणसं ओशाळून हसायची आणि पुढच्या खेपेला पिशवीभर संत्री आणायची. जनावर गेलंच, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी फुलं पाठवायचे, त्याच्या गळपट्ट्याच्या रंगाची. रंग लक्षात ठेवायचं काम माझं.

त्या फुलांनीच घात केला. चार वर्षांपूर्वी भूल दिलेली एक मांजर टेबलावरून उठलीच नाही. डॉक्टरांनी निळी फुलं पाठवली, सोबत कार्ड: 'वाचवू शकलो नाही. माफ करा.' आता आमच्या जपानात माफी काय, माणूस बसमधून उतरतानाही मागतो. पण ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून कोर्टात गेलं. डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात चूक कबूल केलीय, असं मालकिणीच्या वकिलाचं म्हणणं. दोन वर्षं दावा चालला. डॉक्टर सुटले, पण फोन वाजला की अजून त्यांच्या हातातलं खाली पडतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचे डॉक्टर पाणीसुद्धा फुंकायला लागले. तपासणीच्या खोलीत आणि माझ्या डोक्यावर कॅमेरे आले. संमतीपत्र चार पानांचं झालं. फुलं बंद, माफी बंद, सल्ला बंद, असं आमच्या वकिलांनी बजावलं. डॉक्टर आता टेबलाच्या पलीकडे उभे राहून बोलतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

गेल्या वसंतात कोमोरीसान आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विधवा, पूर्वी टोफूचं दुकान चालवायच्या. सोबत मामे. मामे म्हणजे दाणा, पण हा दाणा अकरा किलोचा कुत्रा होता. आतल्या खोलीत सोनोग्राफी बघून डॉक्टर माझ्या कानाशी पुटपुटले, "उद्या सकाळीच काढायला हवी." बाहेर आले आणि सूर बदलला.

"प्लीहेवर गाठ आहे. काढताना जनावर दगावण्याची शक्यता नाकारता येत नाही. न काढल्यास ती फुटण्याचीही शक्यता नाकारता येत नाही."

"मग मी करू काय?"

"निर्णय मालकाचा असतो."

"ते कळलं हो. पण मामे तुमचा असता तर?"

पूर्वी हा प्रश्न पुरा व्हायच्या आत डॉक्टर उत्तर द्यायचे. आता त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तसं मला सांगता येणार नाही."

कोमोरीसान हसल्या. "आमच्या ह्यांना कसं झापलं होतंत, आठवतंय का? 'म्हातारी मांजर, जाऊ दे' म्हणत होते. तुम्ही ओरडलात, 'माझी असती तर आत्ता कापली असती!' त्यानंतर पाच वर्षं जगली ती."

"विचार करा आणि सही करून फॉर्म आणा," डॉक्टर म्हणाले.

काउंटरपाशी कोमोरीसाननी माझ्याकडे पाहिलं. 'उद्या सकाळीच', दोनच शब्द होते. जिभेवर आले आणि मी ते गिळले. चार पानं नीट घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गाठ फुटली होती. मामेनं स्वयंपाकघरातच जीव सोडला.

"सही झाली नव्हती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नव्हती."

"मग ठीक," म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. नळ फार वेळ वाहत होता.

आठवड्यानं कोमोरीसान मिठाईचा खोका घेऊन दारात उभ्या. डॉक्टर बाहेर आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानंच; आता हीसुद्धा दावा लावणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं. त्या कमरेत वाकल्या.

"मी मेली नको ते विचारून बसले. तुम्हाला उगाच अडचणीत टाकलं. माफ करा."

खोक्यावरच्या कार्डातही तेच लिहिलं होतं. डॉक्टर नुसतेच वाकले. त्या गेल्या.

डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं. "हे फाईलला लावा. उद्या काही झालं तर आपल्या बाजूनं..."

आणि थांबले. माझ्या हातात प्लास्टिकचं पाकीट होतं. त्यांनी सांगायच्या आधीच मी खणातून काढलं होतं. आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत राहिलो. मग डॉक्टर भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले.

"मामेचा पट्टा कुठल्या रंगाचा?"

"नारिंगी."

"लावा फोन."

फुलवाली खूश झाली. "किती दिवसांनी! आणि कार्डावर काय लिहू?"

मी रिसीव्हर डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी तोंड उघडलं. मग नजर माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे गेली आणि तोंड मिटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

रिसीव्हर माझ्या हातात होता. 'माफ करा' हे दोन शब्द मलाही सांगता आले असते.

"कोरंच पाठवा," मी म्हटलं.