श्रावणात रिकाम्या टाक्या

माझा धाकटा भाऊ मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झाला, उंब्रजला घरी आला आणि म्हणाला की बिअर करायची. प्यायची नव्हे, करायची आणि विकायची. आमच्या घरात तोवर कुणी गुऱ्हाळसुद्धा चालवलं नव्हतं. मी कोरेगावात दिलेली, तिथल्या एका पतसंस्थेच्या कर्जविभागात जन्म घालवलेली बाई. पोल्ट्री, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय, असल्या फायली मी रोज पाहिल्या. कर्ज मागायला आलेला माणूस सगळीकडं सारखाच, डोळ्यांत तेज आणि हिशेबात भोक. त्यामुळं मी काही दचकले नाही. फाईल घेऊन ये म्हणाले.

त्याची शेवटची पोस्टिंग बंगळूरला होती. तिथं हॉटेलातच स्टीलच्या टाक्या बसवतात आणि ताजी बिअर करून तिथल्या तिथं विकतात, ते त्यानं पाहिलं आणि डोक्यात घेतलं. हायवेला लागून आमचं रान आहे. तिथं हॉटेल, परमिट रूम आणि मागं चार टाक्या, असा त्याचा बेत. दर रविवारी बुलेट घेऊन तो कोरेगावला यायचा, माझ्या ओट्याशेजारी स्टुलावर बसायचा आणि मला शिकवायचा. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, कसल्याशा वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, मग यीस्ट टाकून आंबवायचं. म्हटलं, म्हणजे आंबीलच की. एकदा पुण्याहून बाटली आणून त्यानं मला चमचाभर चाखवली. शिळ्या आंबिलीत कारलं पिळल्यासारखं लागलं. तसं सांगितल्यावर गडी खूश झाला, म्हणाला मग बरोबर जमलीय. आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना कुणी चमचा विचारला नाही, त्याचा राग त्यांना बरेच दिवस होता.

प्रोजेक्ट रिपोर्ट पुण्याच्या एका माणसानं करून दिला होता. रंगीत तक्ते, गुळगुळीत कागद. मी वाचला आणि मला हसू आवरेना. बाराही महिने सारखी विक्री धरलेली. ह्या शहाण्याला श्रावण कुणी सांगितलाच नव्हता. आमच्याकडं आषाढात, म्हणजे आखाडात, माणूस खाऊन-पिऊन घेतो, कारण पुढं श्रावण, पाठोपाठ गणपती, मग नवरात्र. मार्गशीर्षात बायका गुरुवार धरतात आणि घरात गुरुवार असला की पुरुषही जरा जपून असतो. उलट चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, मटणाच्या पंगती, आणि कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की जो तो राजा. मी पेन घेतलं आणि सगळी विक्री पंचांगावर बसवली. त्याला सांगितलं, आखाडात टाक्या भरून ठेव आणि श्रावणात धुऊन ठेव, हप्तासुद्धा तसाच मागून घे, उसाच्या कर्जाला जसा बिलाच्या वेळी असतो तसा. त्यानं तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, आक्का, तू मिलिटरीत पायजे व्हतीस. लहानपणापासून त्यानं माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. नोकरी सुटल्यापासून माझ्या हिशेबाला कुणी विचारलं नव्हतं.

मग अडलं अंतरावर. हायवेपासून ठरावीक अंतराच्या आत दारू विकता येत नाही, आणि आमचं पुढचं सगळं रान त्या अंतराच्या आत. जन्मभर ज्या रस्त्याकडेच्या रानाचा आम्हाला ताठा, तेच नेमकं बाद. भावानं टेप धरून मागंपर्यंत माप घेतलं आणि मला फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता. ओढ्याकडचा तुकडा मापात बसत होता.

ओढ्याकडचा तुकडा म्हणजे माझा तुकडा. कागदावर नव्हे, तोंडी. आमचे वडील दर दिवाळीला जेवणं झाल्यावर म्हणायचे, ओढ्याकडचं पोरीचं. आई-वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, वाटणी झाली नाही, मीही कधी मागितली नाही. भाऊ कसत होता आणि दसऱ्याच्या सुमाराला शेंगांचं एक पोतं स्वतः आणून टाकत होता. आता त्याच तुकड्यावर टाक्या उभ्या राहणार म्हटल्यावर मला वाटलं, चला, बापाचा शब्द कामाला आला. मनातल्या मनात मी तिथं एक जांभळाचं झाडसुद्धा लावून घेतलं.

गणपती विसर्जन झाल्यावर तो आला, तो रविवार सोडून मधल्याच एका वारी. हातात साडी होती आणि साडीखाली कागद होते. मला वाचायची गरज नव्हती. बापाच्या जमिनीतला हिस्सा बहीण भावाला लिहून देते, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, आणि त्याबरोबर साडी-चोळी न्यायची रीत आहे. आमच्या संस्थेत असल्या कितीतरी बहिणी माझ्यासमोर बसून सही करून गेल्या. पदर सावरत, कुठं करू म्हणत. मी बोट ठेवून जागा दाखवायचे. साडी चांगली आहे हो, असंही म्हणायचे.

बँकेला जमीन तारण पाहिजे होती आणि सातबाऱ्यावर दोन नावं नकोत, एवढंच भाऊ बोलला. मी त्याला पाणी दिलं. मग म्हणाले, "हक्कसोड नको. मी सहकर्जदार म्हणून सही करते. कर्ज तुझं तेवढंच माझं. आणि लायसनवर भागीदार म्हणून माझंबी नाव लाव."

त्यानं ग्लास खाली ठेवला.

"आक्का, दारूच्या धंद्याला बहिणीचं नाव लावलं तर भावकी तोंडात शेण घालंल."

"आणि बहिणीची जमीन लावली तर?"

तो उठला. कागद उचलले, साडी तिथंच राहिली, आणि बुलेट निघून गेली. मी साडी किमतीच्या चिठ्ठीसकट कपाटात ठेवून दिली.

आमचे हे तोवर सगळं ऐकत होते. रात्री जेवताना म्हणाले की मी चुकले, पोरं पुण्यात, आपल्याला काय करायचीय जमीन, माहेर राखायचं असतं. मी म्हणाले, तुमच्या बहिणीनं सही केली तेव्हा तुम्ही काय राखलंत? दुसऱ्या दिवशी त्यांना आमटी भाकरी मिळाली, पण बोलणं मिळालं नाही.

दसऱ्याला शेंगांचं पोतं आलं, दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातून. भाऊबीजेला तो आला नाही. भाऊ नसला की बाई चंद्राला ओवाळते, अशी रीत. माझा भाऊ धडधाकट, तासाभराच्या रस्त्यावर, आणि मी गच्चीवर ताट घेऊन उभी. मला रडू आलं नाही, संताप आला. इतका की निरांजन विझलं तरी मी परत लावलं नाही.

नंतरचं मला वाईच्या मामेबहिणीकडून कळत गेलं. त्यानं उंब्रजचा नाद सोडला. कराडजवळ त्याच्या पलटणीतल्या दोस्ताचं हॉटेल होतं, त्याच्या मागच्या शेडमध्ये चारऐवजी दोनच टाक्या बसवल्या. रिटायर झाल्यावर मिळालेला पैसा, वहिनीचे दागिने आणि दोस्ताच्या नावावर बँकेचं थोडं कर्ज, असा मेळ घातला. लायसन दोस्ताच्या नावावर. माणूस परक्याचा धाकटा भागीदार झाला, पण बहिणीचा झाला नाही, हे मला फार लागलं. ओढ्याकडच्या तुकड्यात त्यानं शाळू पेरला होता म्हणे.

पुढच्या श्रावणात राखीपौर्णिमेला सकाळी बुलेटचा आवाज आला. मी हात पुसत बाहेर येईस्तोवर तो ह्यांच्याजवळ जाऊन बसला होता, जणू गेल्या रविवारीच येऊन गेला होता. थोडा वाळला होता. ह्यांना सांगत होता की आखाडात टाक्या पुरल्या नाहीत, माणसं परत गेली, आणि श्रावण लागला तसं काळं कुत्रं फिरकेना, म्हणून दोन्ही टाक्या धुऊन झाकून ठेवल्यात. हप्तासुद्धा पंचांग बघून मागून घेतला होता. माझं नाव त्यानं घेतलं नाही, पण सगळं मोठ्यानं सांगत होता, आतपर्यंत ऐकू जाईल असं.

मी पाट मांडला. तो येऊन बसला, टोपी घातली, हात पुढं केला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, राखी हातात घेतली, आणि त्यानं दुसऱ्या हातानं पिशवी जवळ ओढून आत हात घातला. माझा हात जागच्या जागी थांबला. मी त्या पिशवीकडं बघत होते, आणि तो माझ्याकडं.

"कागद न्हाई, आक्का," तो म्हणाला. "नुस्ती साडी हाय."

मला त्याचा नाही, माझा राग आला. सख्ख्या भावाच्या पिशवीकडं मी तसं बघितलं, ह्याची लाज वाटली, आणि तसं बघायची वेळ त्यानंच आणली हेही डोक्यातून जाईना. डोळ्यांत पाणी आलं आणि राखीची गाठ दिसेना. तो हात तसाच धरून थांबला.

ती साडी मी त्याच दिवशी नेसून त्याला जेवायला वाढलं. पहिल्या साडीची घडी अजून मोडलेली नाही.