काचेतून गेलेला उजेड

कॉलेजच्या दोन इमारती नव्या नेटवर्कने जोडायचं काम माझ्या नातीला, सईला मिळालंय. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. आज ती फायबरची पिवळी केबल घेऊन बसली होती. आत केसाएवढी काच आणि दोन्ही टोकांना उजेड पाठवणारे, टिपणारे, नमुन्याला आणलेले बोटभर ट्रान्सीव्हर.

“आजी, यांची जोडी जुळली नाही, तर उजेड पोचूनही पलीकडे कुणाला कळत नाही. चुकीचे मागवले तर नाकच कापलं जाईल माझं!”

मला हसू आलं. बाविसाव्या वर्षी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गाव जितकं लांब, तितकं मोठ्याने ओरडायचं, हा माझा पक्का सिद्धांत. नागपूर लागलं की मी चक्क उभी राहायचे! “अगं, खिडकी उघड, तारेची गरजच नाही,” शेजारच्या बोर्डावरच्या बाई म्हणायच्या. पण ती बावीस वर्षांची शहाणी, म्हणजे मीच, थांबेल तर शपथ! आपल्या घशापेक्षा पलीकडचा कान महत्त्वाचा, हे तिला कोण सांगणार?

सईने एक ट्रान्सीव्हर बदलून केबल पुन्हा खोचली. इवलासा हिरवा दिवा लागला आणि पोरगी खुर्चीतून उडालीच.

“आजी, हीच जोडी मागवू ना?”

“मागव की,” मी म्हटलं, जणू निवड माझीच होती.