तिघांची खूण

नव्या ब्रेकपॅडचा जळक्या रबरासारखा वास आला की मला नागोयाच्या ऑफिसातली ती मीटिंगची खोली आठवते. नकली माल पकडायला आमची जपानी कंपनी आणि एक चिनी कंपनी तेव्हा एकत्र आल्या होत्या. अस्सल पॅडच्या पाठीवर केसाएवढी खाच ठेवायची ही कल्पना माझी. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे जरा ताठ्यातच होते. त्या दुपारी चिनी कंपनीच्या बाईंनी त्यांच्याकडच्या बाजारात सापडलेला नकली पॅड टेबलावर ठेवला आणि मी भिंग लावलं, तर त्यावर तीच खाच, त्याच जागी. आमचा खाचेचा माल तर अजून बनायलाही लागला नव्हता. "ही खूण कोणाकोणाला ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं. "आपल्या तिघांनाच," आमचे साहेब म्हणाले, आणि त्यांनी नेहमीच्या अदबीनं तिघांसाठी चहा ओतला. कोणी कोणावर आरोप केला नाही, पण आता माझी नोकरी जाते असं वाटून मला कप उचलवेना. पुढे चौकशीत काहीच निघालं नाही. आता खुणा मी एकटीच ठरवते आणि कारखान्यात जाईपर्यंत कोणाला सांगत नाही. तरी पकडलेला प्रत्येक नकली पॅड उलटा करताना माझा हात थबकतो.