दार लावणारा मी

मोताळ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई आधी रागवायच्या आणि मग सुई टोचायच्या. चर्चमध्ये त्या पुढच्या बाकावर बसत. एका रविवारी, पायाची जखम चिघळलेला एक म्हातारा चर्चच्या दारात येऊन बसला. वास आत येऊ लागला, म्हणून मी उठून दार लावलं. बाई प्रार्थना सोडून उठल्या.

"दार काऊन लावलं रे? प्रभू फक्त आंघोळ केलेल्यांसाठीच मेला काय?"

बाईंनी दार उघडलं, पायरीवर बसून जखम धुतली. म्हाताऱ्याशी मात्र हळू बोलल्या, "दुखून राह्यलं का बाबा? झालंच आता."

मग त्याला धरून आत आणलं आणि माझ्या जागेवर बसवलं. उरलेली प्रार्थना मी उभ्यानं, दातओठ खात ऐकली. तेव्हा मला फक्त बाईंचा राग आला होता. स्वतःची लाज फार उशिरा वाटली.