चकवेमामांच्या गळ्यातला काळा गंडा

आमच्या मामांना सारं किन्हीराजा गाव चकवेमामा म्हणे. हिवाळ्यात तळ्यावर केशरी अंगाची, फिकट डोक्याची चक्रवाक बदकं, म्हणजे आमचे चकवे, उतरली, की मामा घरात नसल्यातच जमा. गड्याला काही विचारायचं झालं तर तोही तळ्यावरच जायचा.

चक्रवाकाचं जोडपं दिवसभर बरोबर असतं आणि सूर्य मावळला की दोन काठांना वेगळं होऊन रात्रभर एकमेकांना हाका मारतं, असं सगळे सांगत. मामांना ते पटत नसे. "पायलं कोनं?" ते विचारत. त्यांचा स्वतःचाही एक शोध होता आणि तो आल्यागेल्याला ऐकावा लागे. "नराच्या गयात काया गंडा राह्यते, मादीचा गया मोकया. त्यायच्यात मंगळसूत्र नवऱ्यानं घालाचं!"

"मंग तुमालेबी एक बांधते," मामी भाकर उलटत म्हणायची, "तवा तरी दिवेलागनीले घरी याल."

माझं लग्न फाल्गुनात, गोरज मुहूर्तावर होतं. मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिल्याशिवाय आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू होत नाहीत. अंतरपाट धरलेला, मी मुंडावळ्या बांधून उभी, आणि मामांचा पत्ता नाही. मुहूर्त टळला तर वऱ्हाड परत नेऊ, असं व्याही बोलू लागले. मला रडूच कोसळलं. मामांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात मामा आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, पागोटं काखेत. माझ्या पाठीशी उभे राहत ते मांडवभर ओरडले, "सारं खोटं हाय! दिवस बुडाला तरी दोघंबी एकाच काठाले बसून हायेत! म्या सवताच्या डोयानं पायलं!" मग माझ्या कानाशी म्हणाले, "रडू नको माय. तुलेच सांगाले धावत आलो."

अंतरपाटाआडून कुणीतरी खुदकन हसलं. तो माझा नवरा होता. मला तो तिथेच आवडला.

मामी मात्र हसली नाही. अक्षता पडल्याबरोबर तिनं सगळ्यांदेखत काळा दोरा मामांच्या गळ्यात बांधला. मामांनी तो जन्मभर मिरवला. दिवेलागणीला घरीही येऊ लागले, पण मामीला तळ्यावर न्यायला! ती बिचारी काठावर बसून अंबाडीची भाजी निवडायची.

मामा वारले, तेव्हा बायका रिवाजाप्रमाणे मामीचं मंगळसूत्र तोडायला सरसावल्या. मामीनं ते मुठीत घट्ट धरलं.

"त्यायच्या गयातला तोडा," ती म्हणाली. "आमच्यात थेच मंगळसूत्र होतं."

त्या गंड्याला हात लावायला कुणी धजेना. मामा तो घालूनच गेले, आणि मामीचं मंगळसूत्र मामीच्या गळ्यात राहिलं.